शेवटची शाई

"हा कंप कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं, आणि बाबा अगदी सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाले, "जुना आहे हो. ह्या तुमच्याच रुग्णालयाच्या पाट्यांचं काम चाललं होतं ना आमचं, त्या हिवाळ्यात सुरू झाला." डॉक्टर वयानं लहान होते. पाट्यांचं काम त्यांच्या जन्माआधीचं. त्यांनी नुसती मान हलवली, बाबांना दोन्ही हात समोर धरायला सांगितले, एका कोऱ्या कागदावर आतून बाहेर जाणारं चक्र काढायला लावलं. बाबांनी चक्र काढलं. ते चक्र कसलं, किनाऱ्याचा नकाशाच. मग डॉक्टरांनी सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही, हा साधा कंप आहे, पुष्कळांना असतो, गोळी चालू ठेवा आणि चहा कमी करा. शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीचा जीव भांड्यात पडायला हवा होता. कितीतरी दिवस ती ह्याच उत्तरासाठी देव पाण्यात घालून बसली होती. पण डॉक्टर गोळीचं नाव लिहीत असताना ती खुर्चीत ताठ बसून राहिली होती, कारण तो हिवाळा तिला पाठ होता. कुठल्या आठवड्यात कुठली आकृती शाईत झाली हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. आणि ज्या आकृत्यांच्या जोरावर ती शुक्रवारी समितीसमोर उभी राहणार होती, त्या सगळ्याच्या सगळ्या त्या हिवाळ्यातल्या आणि त्यानंतरच्या होत्या.

बाहेर लांबलचक मार्गिका होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना, दारांच्या वर, त्या आकृत्या. काळ्यावर पांढऱ्या. अक्षर एकही नाही, कारण इथे येणारी माणसं दहा भाषा बोलणारी आणि त्यातली निम्मी त्या वेळी न वाचणारी. बाकावर बसलेला माणूस म्हणजे इथे थांबा. कुबडीवर भार टाकलेला माणूस म्हणजे हाडांचा विभाग. आडवी एक आकृती आणि तिच्यावर वाकलेली दुसरी म्हणजे भरती केलेल्यांचा मजला. जगातल्या कुठल्याही रुग्णालयात असतात तशाच, असं प्रथमदर्शनी वाटावं. पण ती वर्गात मुलांना सांगायची, जरा थांबा, नीट बघा. ही माणसं वाट बघताना खरोखर दमलेली आहेत. बाकावरच्या माणसाची मान बघा, त्याला बातमी अजून कळलेली नाही. दोन रेघा आणि एक गोळा, एवढ्या भांडवलावर कुणीतरी काळजी काढून दाखवली आहे. तिला ह्या आकृत्यांचं वेड होतं असं म्हटलं तरी चालेल. तिच्या मैत्रिणी गमतीनं म्हणायच्या, हिचं लग्न त्या बाकावरच्या माणसाशी लागलंय. आज त्याच्या खालून ती बाबांचा दंड धरून चालली होती आणि बाबा नेहमीप्रमाणे वर बघत नव्हते. आजवर तिला तो विनय वाटायचा. ती म्हणाली, "बाबा, बाकावरचा बघा ना, रंग अजून कसा टिकलाय." बाबा म्हणाले, "हो हो, पायरी सांभाळ."

ती दृश्यसंवादाचा इतिहास शिकवायची आणि तिच्या प्रबंधाचा विषय एका ओळीत सांगण्यासारखा होता: ह्या आकृत्या काढल्या कुणी? पुस्तकांत उत्तर तयार होतं. चित्रशाळेचं नाव, आणि चित्रशाळेचे मालक म्हणून मोठ्या साहेबांचं नाव. साहेबांना मानसन्मान मिळाले, परदेशी प्रदर्शनांत त्यांचे फोटो लागले, ते गेले तेव्हा सरकारी माणसं आली. आणि तिथेच काम करणारे बाबा चित्रशाळा सोडून एका शाळेत चित्रकलेचे मास्तर झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. आईनं साहेबांना कधी माफ केलं नाही. "ह्यांना पिळून घेतलं आणि चोथा फेकला," हे वाक्य जेवताना आमटी वाढावी तितक्या नेमानं तिच्या पानात पडत आलेलं. आई गेली आणि ते वाक्य वारशानं तिच्याकडे आलं. प्रबंध त्यातूनच निघाला, हे तिच्या मार्गदर्शक बाईंना माहीत नव्हतं असं नाही. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, राग चालेल, पण पुरावा दे. पुरावा तिनं दिला. मूळ कागद धुंडाळून काढले, एकेक रेघ कितीतरी पट मोठी करून पाहिली, आणि तिला बाबांचा हात सापडला. बाबांच्या रेघेला एक लकब होती. संपण्याच्या किंचित आधी ती हलकी व्हायची, कुंचला उचलता उचलता शब्द अर्धवट सोडावा तशी. तिनं त्या लकबीचं नाव ठेवलं उचल. कचेरीतल्या लेखनिकाला ते पगाराच्या उचलीसारखं वाटून त्यानं तिची चांगलीच खिल्ली उडवली होती, पण नाव रुजलं. इतर अभ्यासकही आता उचल म्हणू लागले होते. तिच्या चौथ्या प्रकरणात तिनं दाखवलं होतं की रुग्णालयाच्या कामात ही उचल उत्तरोत्तर स्पष्ट, ठाशीव, निर्भय होत गेली. हात परिपक्व झाला, असे तिचे शब्द. आता रुग्णालयाचं प्रवेशदार नव्यानं बांधलं जाणार होतं. तिथे मूळ आकृत्या मांडून खाली कर्त्याच्या नावाचा फलक लागणार होता, आणि समिती शुक्रवारी जे नाव मान्य करील ते नाव. तिनं बाबांसाठी नवा सदरा शिवूनसुद्धा घेतला होता.

तिनं बाबांना घरी सोडलं, दोन घास भात त्यांच्यासमोर ठेवला, आणि वर्ग आहे असं खोटं सांगून महाविद्यालयातल्या आपल्या खोलीवर आली. खोली तळमजल्यावर होती, खिडकीबाहेर सायकलींचा तळ. तिनं खालून उजेड देणाऱ्या काचेच्या टेबलावर मूळ कागद एकामागून एक ठेवले. रेघा होत्या तशाच होत्या. उचल होती. प्रत्येक रेघेच्या टोकाला, न चुकता, अगदी वेळापत्रकानुसार. आजवर ह्याच गोष्टीनं ती हरखून जायची आणि आज त्याच गोष्टीपाशी ती अडली. माणूस आपली लकब इतकी नेमानं पाळतो का? ती स्वतः बोलताना 'म्हणजे कसं' हे दोन शब्द सारखे वापरते, मुलं त्याची नक्कल करतात. एकदा स्नेहसंमेलनात एका मुलीनं तिची नक्कल केली होती आणि दर वाक्याला 'म्हणजे कसं' म्हटलं होतं. सगळं सभागृह हसलं, तीही हसली, पण ती दर वाक्याला म्हणत नाही. दर वाक्याला नक्कल करणारी म्हणते. तिनं हिवाळ्याआधीचे कागद काढले. त्यांत उचल कुठे होती, कुठे नव्हती. कुठे बाबांना घाई असावी, कुठे कंटाळा. हिवाळ्यानंतरच्या कागदांत बाबांना कधीच कंटाळा आलेला नव्हता. सुतावरून स्वर्ग गाठला आपण, असं तिच्या मनात आलं. मग तिला खालच्या कप्प्यातला कागद आठवला. बाकावरच्याच माणसाचा, त्याच आठवड्याचा शिक्का मागे असलेला, पण रेघा थरथरलेल्या, कडा फुटलेल्या. तिनंच त्याची नोंद केली होती: शिकाऊ हात, विचारात घेतला नाही. तिनं तो कागद काचेवर ठेवला. सकाळचं डॉक्टरांकडचं चक्र तिनं पाहिलेलं होतं. आता ओळखायला भिंगाची गरज नव्हती. हिवाळ्यानंतरच्या सगळ्या ढिगाऱ्यात एवढा एकच कागद तिच्या बापाचा होता, आणि तो तिनं कच्चा म्हणून बाजूला टाकला होता. ती खुर्चीवर बसली आणि पोट धरून रडली, आणि रडता रडता तिला जरा हसूही आलं, कारण ही चूक करायला माणसानं इतकी वर्षं अभ्यासच केलेला असायला हवा.

लहानपणी ती शाळेतून परस्पर चित्रशाळेत जायची. आई नोकरीवर, घर बंद. चित्रशाळा म्हणजे एक लांब खोली, उत्तरेला मोठ्या खिडक्या, आणि ओळीनं मांडलेली उतरती टेबलं. ती टेबलांखाली बसून कागदाच्या कपट्यांचा संसार मांडायची. खालून तिला फक्त पाय दिसायचे. बाबांचे स्थिर, शेजारच्या टेबलावरच्या चष्मेकाकांचे सारखे हलणारे, पट्टी मावशीचे चपला काढून एकावर एक टाकलेले. मावशी ही काही सख्खी मावशी नव्हे. लोखंडी पट्टी हातातून न सोडणारी ती बाई, तीच पट्टी पाठ खाजवायला आणि पोरीला दटावायलाही वापरायची, म्हणून पट्टी मावशी. साहेबांचे बूट तेवढे खोलीभर फिरायचे. त्यांचा एक नियम होता आणि तो सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता: संध्याकाळी घरी जाताना आपल्या टेबलावरचा कागद शेजारच्या टेबलावर सरकवायचा. आज ज्यानं सुरू केलं त्यानं उद्या ते पुरं करायचं नाही. आपल्या रेघेच्या प्रेमात पडलेला माणूस ती खोडत नाही, असं साहेब म्हणायचे. तिनं प्रबंधात ह्या नियमाची सालटी काढली होती. नावं पुसून टाकण्याची ही युक्ती, असं लिहिलं होतं, आणि खाली टीप दिली होती की चित्रशाळेच्या उत्तरकाळात साहेबांच्या हातात कुंचला कुणी पाहिलेला नाही. नियमाला अपवाद एकच. कागद सगळ्या टेबलांवरून फिरून आला की शेवटची शाई बाबांची. ते सर्वांनी आपणहून ठरवलेलं. ती आता काचेच्या उजेडात बसून आठवू लागली आणि तिला टेबलाखालची एक दुपार आठवली. बाबा खाली चहाला गेले होते. बाबांच्या टेबलाशी त्यांचे पाय नव्हते, मावशीचे होते, आणि तिच्या मागे चष्मेकाकांचे, आणि ते पाय पहिल्यांदाच हलत नव्हते. तिनं वर डोकं काढून विचारलं, "बाबांच्या जागेवर तू का बसलीस?" मावशी दचकली. मग तिनं पोरीच्या हातात एक अख्खी नवी पेन्सिल ठेवली आणि म्हणाली, "जागा ऊन ठेवतेय तुझ्या बाबाची." तेव्हा तिला ते पटलं होतं. हिवाळा होता.

पट्टी मावशी पाचव्या मजल्यावर एकटी राहत होती, उद्वाहन बंद पडलेल्या इमारतीत. ती धापा टाकत पोचली तेव्हा मावशी गॅलरीत कपडे वाळत घालत होती, आणि अजूनही चिमट्यांमधलं अंतर सारखं होतं. चष्मेकाका जाऊन बरीच वर्षं झाली होती, चित्रशाळेतलं आता हे एकच माणूस उरलेलं. तिनं काही न बोलता दोन्ही कागदांची चित्रं मावशीपुढे ठेवली, देखणं आणि थरथरलेलं. मावशीनं चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही पाहिली. नाकबूल करता येतंय का ह्याचा विचार तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला, आणि मग तिनं तो सोडून दिला. ती म्हणाली की हा दुसरा कागद फाडायचा राहिला वाटतं, चष्म्याचा वेंधळेपणा, दुसरं काय. मग ती बोलत राहिली. बाबांचा हात त्या हिवाळ्यात बिघडला. ते कुणाला बोलले नाहीत, पण टेबलाला टेबल लागून, लपणार किती? शाईचा कागद पुरा करून ते घरी जायचे. त्यांच्यामागून ही दोघं तो कागद पुन्हा कोऱ्यावर उतरवायची, बाबांच्याच ढंगात, आणि तोच छायाचित्र विभागात पाठवायची. तिथून आकृती लहान होऊन, छापून यायची. बाबांना सांगितलं होतं, अहो, लहान केलं की कंप मरतो, दिसतच नाही. आणि थोडाफार मरतोही, त्यामुळे ते पटण्यासारखं होतं. साहेबांना पत्ता लागू द्यायचा नाही, हे तर होतंच. लागला असता तर शेवटची शाई दुसऱ्याकडे गेली असती आणि बाबा उन्मळून पडले असते. "तुझ्या बाबाची रेघ काढायची म्हणजे चेष्टा नव्हती," मावशी म्हणाली. "आम्ही घरी जाऊन सराव करायचो. माझी आई विचारायची, तू रोज तीच तीच रेघ काय काढत बसतेस, नोकरी आहे का शिक्षा."

तिनं विचारलं, कुठले तुझे आणि कुठले काकांचे? मावशी म्हणाली, ते विसरले मी, आणि आठवत असते तरी सांगितले नसते. एक मात्र गंमत आठवते, एका सकाळी येऊन बघतो तर एक कागद आधीच झालेला. मला वाटलं चष्म्यानं केला, चष्म्याला वाटलं मी केला. दोघंही नंतर एकमेकांना शाबासकी देत बसलो, आणि समोरच्याचं नाही-नाही म्हणणं दोघांनाही विनय वाटला. मग मावशीनं तिचा हात धरला. मावशीचा हात ओल्या कपड्यांनी गार पडला होता. "पोरी, एक ऐक. तुझ्या पुस्तकात काय लिहायचं ते तू लिही, तो तुझा धर्म. पण त्याला कळू देऊ नकोस. त्याचं आयुष्य त्या आकृत्यांवर उभं आहे गं." ती हो म्हणाली. काय करणार? जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की ही दोन्ही वचनं एका वेळी पाळता येणारी नाहीत. खरं लिहिलं तर फलकावर बाबांचं नाव लागणार नाही, आणि का लागलं नाही हे बाबा विचारतील. खोटं लिहिलं तर नाव लागेल आणि ती आयुष्यभर मुलांना कुठल्या तोंडानं सांगणार की नीट बघा? पण ह्या पेचाच्याही वर, तिला आवरता न येणारी अशी एक भावना दाटून आली होती, आणि ती निव्वळ कौतुकाची होती. दोन माणसं आपला हात बाजूला ठेवून रोज तिसऱ्याचा हात काढतात, आणि घरी सराव करतात. असलं काही तिनं कुठल्याही ग्रंथात वाचलं नव्हतं. ग्रंथांत नाव मिळवण्याचे झगडे होते, नाव चोरल्याच्या कहाण्या होत्या. दुसऱ्याच्या नावात गुपचूप आपलं काम भरणाऱ्यांसाठी तिच्या विषयाकडे साधा शब्दही नव्हता.

ती घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते आणि टेबलावर, तिनं शुक्रवारसाठी आणून ठेवलेली मोठी चित्रं पसरलेली होती. आकृत्या कितीतरी पट मोठ्या केलेल्या, एकेका रेघेची रुंदी हाताच्या पंजाएवढी. इतकी वर्षं ती म्हणायची, बाबा, बघा तरी, आणि बाबा म्हणायचे, पुरं झालं की एकदम बघीन.  ती घाईघाईनं चित्रं गोळा करू लागली, अहो, हे कच्चं आहे, अजून बदलायचंय, असं काहीबाही बडबडत. बाबांनी एका चित्रावर पंजा ठेवला. पंजा थरथरत होता आणि त्याखाली कागद फडफडत होता. "राहू दे," ते म्हणाले. "डॉक्टरकडे मी बोलून गेलो आणि तू मनात हिशोब केलास. तुझा चेहरा बघितला मी. तुझी आई हिशोब करताना अशीच दिसायची." तिनं गोळा केलेली चित्रं परत टेबलावर ठेवली. "पट्टीकडे गेली होतीस?" तिनं मान हलवली. "मला सांगू नकोस म्हणाली असेल." तिनं पुन्हा मान हलवली. बाबा हसले. "तिला काय वाटतं, माझा हात मला ओळखता येत नाही?"

मग ते मजेत, एखाद्या लग्नाच्या फोटोतले नातेवाईक दाखवावेत तसे, तिला एकेक चित्र दाखवू लागले. ही पट्टी. गुडघा बघ कसा, पट्टीनं आखल्यासारखा. इतकी वर्षं मला तिला सांगायचंय, बाई, गुडघ्याला जरा हाड ठेव. हा चष्मा. चष्मा फार चांगला, पण त्याला धीर नाही, गोळा पुरा होण्याआधीच पुढच्या रेघेकडे पळतो. हा पण चष्मा. ही पट्टी, आणि ह्या दिवशी तिचं कुणाशी तरी भांडण झालेलं असणार. ती खुर्ची ओढून शेजारी बसली. सात वर्षं भिंग घेऊन जे तिला दिसलं नव्हतं ते बाबा चष्म्याशिवाय वाचत होते, आणि वाचताना त्यांचा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता इतका तरुण दिसत होता. तिनं विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीत? बाबा म्हणाले की बोललो असतो तर ते थांबले असते. आणि इतकी धडपड करून ती दोघं माझ्यापासून लपवत होती, त्यांच्या धडपडीवर पाणी का ओतायचं? मीही मग दर वेळी छापील आकृती हातात घेऊन म्हणायचो, वा, खरंच की, लहान केलं की कंप मरतो. तिला सगळ्यात अवघड तो प्रश्न विचारायचा होता. ती म्हणाली, "आणि मला? मी इतकी वर्षं तुमचा हात म्हणून नाचत होते." बाबांनी खाली पाहिलं. "तू इतक्या आनंदानं सांगायचीस," ते म्हणाले. "आणि खोटं कशाला बोलू? मला ऐकायला बरं वाटायचं. नाव कुणाला नको असतं? आज तरी बोलेन, उद्या तरी बोलेन म्हणत राहिलो, आणि शुक्रवार येऊन ठेपला." तिला राग यायला हवा होता. आला नाही. तिनं त्यांच्या पंजावर आपला हात ठेवला, आणि मग दोन्ही हात हलू लागले.

शेवटचं चित्र बाकावरच्या माणसाचं होतं. तिच्या प्रबंधाचं मुखपृष्ठ. सगळ्यांत शुद्ध, सगळ्यांत बाबांचं, असं ज्याच्याबद्दल तिनं चार पानं लिहिली होती ते. त्यात एक वेगळेपण तिला खटकलं होतं: आडव्या रेघांची उचल उजव्या टोकाला नव्हती, डाव्या टोकाला होती. त्याला तिनं कर्त्याचं धाडस म्हटलं होतं. बाबांनी चित्र पुढे ओढलं आणि ही पट्टी म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. त्यांनी चित्र उजेडाकडे फिरवलं. आपला चष्मा मागितला. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. मग बाकाच्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं, उजवीकडून डावीकडे, आणि बोट डावीकडे अलगद उचललं.

"हा पट्टीचा नाही," ते म्हणाले. "चष्म्याचाही नाही." त्यांचा आवाज बदललेला तिला कळला. "ही रेघ डाव्या हातानं काढलीय."

ती म्हणाली, चित्रशाळेत डावखुरं कुणी नव्हतं. तिनं सगळ्यांची माहिती काढलेली होती. बाबा म्हणाले, होतं. साहेब लिहायचे उजव्या हातानं, शाळेत मार खाऊन शिकलेले. चित्र मात्र डाव्यानं. आम्ही दोघंच होतो तेव्हा, चित्रशाळा निघण्याच्याही आधी, एका टेबलावर समोरासमोर बसून काढायचो, तेव्हाचं मला माहीत. पुढे माणसं आली आणि त्यांनी लोकांसमोर कुंचला धरणं सोडलं. लाजायचे.  तिला मावशीची ती सकाळ आठवली, आधीच झालेला कागद, दोघांनी एकमेकांना दिलेली शाबासकी. तिनं ती बाबांना सांगितली. बाबा ऐकत होते की नाही कोण जाणे. "म्हणजे त्यांना ठाऊक होतं," ते म्हणाले. "मी त्यांना कळायच्या आत निघून गेलो, माहितीय? शाळेत नोकरी बघितली. म्हटलं, त्यांना मला काढायची वेळ यायला नको. निरोपाच्या दिवशी ते नुसते म्हणाले, तुमची जागा रिकामी राहील. मला वाटलं, बोलायची रीत आहे." आणि बाबा रडले. आई गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते. तिच्या प्रबंधाची तीनशे पानं ह्या माणसाविरुद्ध होती. नाव गिळणारा, असं तिनं त्याला म्हटलं होतं, संदर्भासकट. आणि ह्या माणसानं भल्या पहाटे येऊन, ज्या हाताची त्याला लाज वाटायची त्या हातानं, आपल्या नोकराची रेघ काढली होती, इतकी सुरेख की ती बापाची म्हणून त्याच्या मुलीनं छातीशी धरली. तिला शरम वाटली, आणि शरमेपेक्षा मोठं असं काहीतरी वाटलं. तिला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

बाबांनी तोंड धुतलं, पाणी प्यायलं, सदऱ्याची बाही खाली ओढली. मग म्हणाले, "नाव मला हवंय. पण एकट्याचं लावलंस तर मी तिकडे पाऊल ठेवणार नाही. आणि पट्टीला आज काही कळवू नकोस. उद्या मीच जातो. पाच मजले चढवतील कसेबसे पाय, पण तो गुडघा तिला समोरासमोर सांगायचाय."

ती म्हणाली, समितीला एकच नाव हवंय. बाबा म्हणाले, ते तू बघ, शिकलेली आहेस. तिनं चित्रं उचलली नाहीत. टेबल तसंच ठेवून ती खिडकीशी गेली आणि मार्गदर्शक बाईंना फोन लावला. चौथं प्रकरण मागे घेते म्हणाली, आणि तिसऱ्यातलं साहेबांबद्दलचं सगळं.  मग बाई म्हणाल्या की शुक्रवार परवावर आलाय, पदवी वर्षभर तरी लांबेल, समितीतली माणसं तोंडावर हसतील, आणि असं एकाएकी झालं तरी काय? ती म्हणाली, हात ओळखण्यात चूक झाली माझी. शुक्रवारी मी तेच सांगणार आहे, आणि बाबांना सोबत आणणार आहे, कुठली रेघ कुणाची ते दाखवायला. बाईंचा स्वर चढला. "अगं, सगळा प्रबंध त्या एका हातावर उभा होता. तो काढून घेतलास तर तुझ्याकडे उरलं काय?"

तिनं वळून पाहिलं. बाबा पुन्हा टेबलावर वाकले होते. बाकाची ती रेघ ते आता डाव्या हाताच्या बोटानं गिरवत होते, उजवीकडून डावीकडे, आणि बोट थरथरत होतं.

"चार माणसं," ती म्हणाली.